गूगल संपणार का? पंचवटीतल्या लॉजच्या प्रश्नावर सविस्तर उत्तर

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पंचवटीत सोळा खोल्यांचा लॉज, रामकुंडापासून चालत दहा मिनिटांवर. येणारा जवळजवळ प्रत्येक जण "गूगलवर बघून आलो" म्हणतो. पुतण्या सांगतोय की गूगलचे दिवस भरले, लोक आता चॅटजीपीटीलाच विचारतात, पैसे तिकडे लावा. दुसरीकडे एक एजन्सी गूगलच्या जाहिरातींसाठी महिन्याला चाळीस हजार मागतेय. सिंहस्थ तोंडावर आलाय आणि तुम्हाला कळत नाहीये की यातलं कोणाचं ऐकायचं.

मी नाशिकमध्ये सोळा वर्षं हेच काम करतोय. वेबसाइट बांधायची आणि दुकान, दवाखाना, लॉज, मंगल कार्यालय लोकांनी शोधलं की सापडेल अशी व्यवस्था लावायची. तुमचा प्रश्न वाचून मला जे दिसलं ते असं: तुमचं सगळं गिऱ्हाईक एकाच दारातून येतं आणि त्या दाराची किल्ली तुमच्याकडे नाही. उद्या गूगल जाऊन चॅटजीपीटी आलं तरी किल्ली परक्याच्याच हातात राहणार. म्हणून कोण जिंकणार हे आधी बाजूला ठेवू आणि ही माणसं भांडतायत कशावरून ते बघू. ते कळलं की पैशाचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

लोकांना वाटतं, ज्याचं शोधयंत्र चांगलं तो पुढे जातो. गूगल १९९८ मध्ये आलं तेव्हा ते खरंच होतं. याहूकडे माणसांनी बसून लावलेली वेबसाइटींची यादी होती. गूगलने कोणत्या पानाकडे किती जण बोट दाखवतात, म्हणजे किती दुवे येतात, यावरून पानांची प्रतवारी लावली आणि उत्तरं एकदम सुधारली. खुद्द याहूनेच २००० ते २००४ या काळात स्वतःच्या पानावर गूगलचे निकाल दाखवले. पण नंतरची लढाई वेगळी आहे. फोन हातात घेतल्यावर शोधायचा पहिला चौकोन कोणाचा, ही ती लढाई.

अमेरिकेत सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलवर खटला भरला. ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की गूगलने शोधातली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली. त्या खटल्यात बाहेर आलेले आकडे माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाठ करावेत असे आहेत. आपलं शोधयंत्र आधीपासून लावलेलं असावं म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात ब्राउझरवाल्यांना, फोन बनवणाऱ्यांना आणि मोबाइल कंपन्यांना मिळून २६.३ अब्ज डॉलर दिले. एकट्या ॲपलला २०२२ मध्ये साधारण २० अब्ज डॉलर मिळाले, त्यांच्या सफारी ब्राउझरमध्ये गूगल ठेवण्यासाठी. ज्याचा माल आधीच सगळ्यांत चांगला समजला जातो, तो दारात उभं राहायला एवढं भाडं मोजतो. दाराची किंमत यावरून ओळखा.

आणखी एक आकडा आहे. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये त्यांचंच शोधयंत्र बिंग आधीपासून लावलेलं असतं. तिथे सुमारे ८० टक्के शोध बिंगवरच होतात. तीच माणसं, तेच प्रश्न, पण दार बदललं की वाट बदलते. याची उलटी बाजूही सांगायला हवी. फायरफॉक्स या ब्राउझरने २०१४ च्या शेवटी अमेरिकेत गूगल काढून याहू लावलं. बऱ्याच लोकांनी सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा गूगल लावून घेतलं आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सही गूगलकडे परत आलं. म्हणजे फार वाईट उत्तरं मिळाली तर लोक उठून दुसरीकडे जातात. बरी उत्तरं मिळत असली तर कोणी उठत नाही.

आपल्याकडेही हे झालंय. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला आणि अपिलातही मार्च २०२३ मध्ये तो कायम राहिला. त्या आदेशानंतर गूगलने नव्या अँड्रॉइड फोनवर सुरुवातीलाच शोधयंत्र निवडण्याचा पर्याय द्यायचं कबूल केलं. तुमच्या लॉजवर येणाऱ्या किती जणांनी दुसरं काही निवडलंय ते विचारून बघा. मी विचारत असतो. असा माणूस मला वर्षातून एखादाच भेटतो.

आता पुतण्याच्या मुद्द्याकडे येते गाडी. त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि दोन-सव्वादोन महिन्यांत, फेब्रुवारी २०२३ मध्ये, मायक्रोसॉफ्टने तेच तंत्र बिंगमध्ये बसवलं. गूगलने घाईत आपल्या बार्ड या एआय सहाय्यकाची जाहिरात दाखवली, तिच्यात दुर्बिणीबद्दलचं एक उत्तर चुकलं आणि एका दिवसात कंपनीचं बाजारमूल्य सुमारे १०० अब्ज डॉलरने उतरलं. तेव्हापासून गूगलने स्वतःचंच पान बदलायला घेतलं. भारतात ऑगस्ट २०२४ पासून बऱ्याच प्रश्नांना वरच तयार उत्तर दिसतं आणि वेबसाइटींची यादी खाली सरकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये चॅटजीपीटीमध्येही ताजी माहिती शोधायची सोय आली.

गेल्या वर्षभरात आपल्या सिमकार्डांवर काय झालं ते आठवा. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या एआय शोधयंत्राची पैसे भरून मिळणारी आवृत्ती वर्षभर फुकट दिली. ऑक्टोबरच्या अखेरीस जिओने गूगलच्या जेमिनी या एआय सहाय्यकाची महागडी योजना अठरा महिने फुकट देऊ केली. नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने भारतात चॅटजीपीटी गो ही पैसे भरून मिळणारी योजना एक वर्ष मोफत केली. सफारीसाठी ॲपलला मोजलेले पैसे आणि ही फुकटची वर्षं, दोन्हीचा हेतू मला एकच दिसतो. सवय लागेपर्यंत दारात उभं राहायचं.

मग गूगल संपणार का? माझा अंदाज आहे की तुमच्या धंद्यापुरतं, निदान या सिंहस्थापुरतं, नाही. रामकुंडाजवळ खोली शोधणाऱ्या माणसाला नकाशा लागतो, फोन नंबर लागतो, "आत्ता उघडं आहे का" ते लागतं, खोलीचे आणि बाथरूमचे फोटो लागतात. ती व्यवस्था आजही गूगलकडे सगळ्यांत भक्कम आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीश मेहतांनी त्या अमेरिकेतल्या खटल्यात उपाय ठरवले तेव्हा गूगलला आपला क्रोम ब्राउझर विकायला लावलं नाही. शोधयंत्रासाठी इतरांना बांधून घेणारे करार करायला बंदी घातली आणि काही माहिती पात्र प्रतिस्पर्ध्यांना द्यायला सांगितली. पैसे देऊन जागा घेण्यावर सरसकट बंदी आलेली नाही. त्यामुळे उद्या सकाळी काही उलटंपालटं होणार नाही.

तरी लिलावात दुसरा बोली लावणारा असतो तसा गूगलसमोर प्रतिस्पर्धी असणं मी फार मोलाचं मानतो. माझं बालपण निफाड तालुक्यातलं. वडिलांबरोबर कांद्याची ट्रॉली घेऊन लासलगावच्या बाजार समितीत किती वेळा रांगेत उभा राहिलोय. लिलावाला ट्रॉलीभोवती व्यापारी भरपूर असले की बोली पाच-पाच, दहा-दहा रुपयांनी चढते. एखाद्या दिवशी मोजकेच आले की माल तोच, पण आकडा पहिल्या बोलीशीच अडकतो. वडील कधीकधी म्हणायचे, "तो कोपऱ्यातला घेत नाही काही, पण तो उभा पाहिजे." जगभरात बिंगचा वाटा आजही एक आकडी टक्क्यांतच आहे. पण तो कोपऱ्यात उभा आहे, पर्प्लेक्सिटी आणि ओपनएआय येऊन उभे राहिलेत, म्हणून गूगलला बोली चढवावी लागतेय. मक्तेदारीचे हे खटले आपल्यापासून फार लांबचे वाटतात, पण जाहिरातीच्या एका क्लिकला तुम्ही किती रुपये मोजणार हे शेवटी तिथूनच ठरतं. म्हणून मला या गोष्टीची मनापासून काळजी वाटते.

आता एक अनुभव सांगतो, कारण पैसे कुठे लावायचे ते मला तिथे नीट समजलं. तपोवनाच्या बाजूला माझ्या ओळखीचा एक लॉज आहे, तीन मजली. त्याची वेबसाइट मी केलेली. पहिल्या पानावर मीच लिहिलं होतं: "लिफ्टची सुविधा लवकरच." मालकांचा तेव्हा तसा विचार होता, पुढे तो बारगळला. ओळ तशीच राहिली. गेल्या दिवाळीनंतर सुरतेहून एक कुटुंब आलं. मुलाने फोनवर एका एआय सहाय्यकाला विचारलं होतं की गुडघ्याचा त्रास असलेल्या आजींसाठी रामकुंडाजवळ लिफ्ट असलेली जागा सांग. त्याने या लॉजचं नाव दिलं आणि "लिफ्ट उपलब्ध" असं सांगितलं. माझ्या ओळीतला "लवकरच" तेवढा गळला.

मी त्या दिवशी दुसऱ्या कामासाठी योगायोगाने तिथेच होतो. आजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात तांब्या. तळमजल्यावरची खोली भरलेली. मुलगा काउंटरवर फोन पुढे करून दाखवत होता, "इथे लिहिलंय ना." मालकांनी शेवटी आपल्या ऑफिसात पलंग टाकून दिला. रागावण्यासारखं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. यंत्राने चुकीचा सारांश काढला हे खरं, पण कच्चा माल माझा होता.

त्याच संध्याकाळी काउंटरवर चार उपकरणं मांडली. मालकांचा अँड्रॉइड, त्यांच्या मुलीचा आयफोन, ऑफिसचा लॅपटॉप आणि माझा फोन. चारींवर एकच प्रश्न टाकला, "रामकुंडाजवळ राहण्याची सोय". अँड्रॉइडवर नकाशा आणि तीन नावं आली, त्यात हा लॉज दुसरा. आयफोनच्या नकाशावर खूण मागच्या गल्लीत पडलेली. लॅपटॉपवर एज आणि बिंग, तिथे लॉजचा चार वर्षांपूर्वी बंद झालेला लँडलाइन नंबर. माझ्या फोनवर एआयला विचारलं, तर उत्तरात लिफ्ट. चार दारं आणि चारही दारांवर वेगवेगळी पाटी. गूगलवरची पाटी आम्ही नियमित पुसत होतो, बाकीच्यांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

म्हणून ताई, माझा सल्ला असा. पहिले पैसे आणि वेळ जाहिरातीवर लावू नका, पाट्या एकसारख्या करण्यावर लावा. लॉजचं नाव, पत्ता, फोन नंबर गूगल बिझनेस प्रोफाइलवर (गूगलवरची धंद्याची नोंद), बिंग प्लेसेसवर (तीच नोंद बिंगवर) आणि ॲपलच्या नकाशावर अक्षर न् अक्षर सारखं असू द्या. तिन्ही ठिकाणी नोंदणी फुकट आहे आणि बिंगवर तर गूगलची नोंद तशीच उचलून आणता येते. बिंगवर कोण जातं, असं पुतण्या म्हणेल. त्याला सांगा की मायक्रोसॉफ्टचा एआय सहाय्यक कोपायलट बिंगच्याच साठ्यावर चालतो, डकडकगो या शोधयंत्राचे बरेचसे निकाल तिथूनच येतात, आणि चॅटजीपीटीने शोधाची सोय आणली तेव्हा त्यांनीही बिंगचा आधार घेतला. बिंगवरची चूक बिंगपुरती राहत नाही.

दुसरं, स्वतःची वेबसाइट, स्वतःच्या नावाने घेतलेल्या डोमेनवर, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यावर. हे आजच तपासा: डोमेन तुमच्या नावावर आहे की ज्याने वेबसाइट केली त्याच्या? नाशिकमध्ये मी बघितलेल्या छोट्या धंद्यांत हे सर्रास दुसऱ्याच्या नावावर असतं आणि भांडण झालं की मगच कळतं. फुकटात मिळालेल्या जागेवर घर बांधू नका. गूगलने बिझनेस प्रोफाइलबरोबर दिलेल्या मोफत वेबसाइटी मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. कंपनीला तो निर्णय घ्यायचा अधिकार होताच, आणि ज्यांचं पान फक्त तिथे होतं त्यांच्याकडे स्वतःचं काही उरलं नाही.

त्या वेबसाइटीवर काय लिहायचं? "अतिथी देवो भव, सुसज्ज व आल्हाददायक वातावरण" वगैरे नको. रामकुंड चालत किती मिनिटं. काळाराम मंदिर किती. नाशिक रोड स्टेशनहून रिक्षाने साधारण किती वेळ. मोठी बस दारापर्यंत येते का, नाही तर कुठे थांबते. किती पायऱ्या, लिफ्ट आहे की नाही, तळमजल्यावर खोल्या किती. गरम पाणी कधी ते कधी. जेवण आहे का, कांदा-लसणाशिवाय मिळतं का. एका वाक्यात एकच गोष्ट. "लवकरच", "लागल्यास", "शक्यतो" असले शब्द टाळा. नसेल तर "लिफ्ट नाही" असं सरळ लिहा. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, आणि तुमच्याकडे सुरत-अहमदाबादचे लोक येत असतील तर गुजरातीतही, जाणकाराकडून तपासून. गूगलवर २०१७ पासून मराठी आणि गुजरातीत बोलून शोधता येतं आणि वयस्कर यात्रेकरू टाइप करत नाहीत, बोलतात. माझ्या अनुभवात पूर्ण वाक्यात विचारलेल्या प्रश्नाला पूर्ण वाक्यातली माहिती लवकर जुळते, शोधयंत्र कुठलंही असो.

तिसरं, वही. तुमच्या काउंटरवरच्या रजिस्टरमध्ये आणखी एक रकाना आखा: "कसं कळलं?" आणि "गूगल" एवढंच ऐकून पेन खाली ठेवू नका. नकाशावर पाहिलं, बुकिंगच्या साइटवर पाहिलं, जाहिरात दिसली, कोणी नाव सांगितलं आणि मग नंबरासाठी गूगल केलं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटचा प्रकार वाटतो त्यापेक्षा खूप निघतो. तो माणूस तुमच्या नावाने शोधतोय, तो तुमचाच आहे, त्याच्यासाठी जाहिरातीचा पैसा खर्च करणं म्हणजे घरच्या पाहुण्याला स्टेशनवरून दलालामार्फत आणणं. ज्यांची हरकत नसेल त्यांचा नंबर लिहून ठेवा. जुन्या यात्रेकरूंची ती यादी कुठल्याही कंपनीच्या भांडणात बुडत नाही.

चाळीस हजारांचं उत्तर या वहीवर अवलंबून आहे, म्हणून मी आत्ता हो किंवा नाही म्हणणार नाही. तुमच्याकडे सहली काढणाऱ्यांचे गट येत असतील तर शोधयंत्रापेक्षा त्या दहा-बारा सहलवाल्यांना फोन करणं जास्त कामाचं. शनिवार-रविवारी खोल्या भरतात आणि मंगळवारी रिकाम्या असतील तर फक्त आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी छोटी जाहिरात चालते. सिंहस्थाच्या पर्वण्यांना तर खोल्या जाहिरातीशिवाय भरतील, तेव्हाचा पैसा वाचवा. एजन्सीला एवढंच विचारा की यातले किती पैसे गूगलला जातात आणि किती तुमची फी, आणि जाहिरातीचं खातं माझ्या ईमेलवर उघडाल का. दुसऱ्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर नमस्कार करून उठा. चॅटजीपीटीच्या उत्तरात पैसे भरून नाव घालून देतो असं सांगणारा कोणी आला तर त्यालाही तोच नमस्कार.

एक सावधगिरी. "गूगलमधून बोलतोय, तुमची नोंद बंद होणार आहे, इतके भरा" असे फोन तुम्हाला येत असतील किंवा येतील. नोंद फुकट आहे, तिच्यासाठी पैसे मागणारा खोटा. आणि नकाशावरच्या नोंदीत कोणीही बाहेरचा माणूस बदल सुचवू शकतो, फोन नंबरसुद्धा. गर्दीच्या काळात नंबर बदलून यात्रेकरूंकडून आगाऊ पैसे उकळणारे असतात. दर सोमवारी सकाळी स्वतःच्या नंबरावर नकाशातून एक फोन लावायची सवय लावा. अर्धं मिनिट लागतं.

२०१५ च्या सिंहस्थात आलेला माणूस सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावर, उतरून रिक्षावाल्याला विचारायचा. जिओ आलं सप्टेंबर २०१६ मध्ये, म्हणजे स्वस्त इंटरनेट प्रत्येकाच्या खिशात असलेला नाशिकचा हा पहिला सिंहस्थ. या वेळी लोक घरातूनच विचारून निघणार आहेत आणि चार वेगवेगळ्या ठिकाणी विचारणार आहेत. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. रकाना उद्यापासून आखा, महिनाभराने आकडे इथे टाका. पुतण्यालाही चार फोन घेऊन काउंटरवर बसवा आणि काय काय चुकीचं सापडलं ते लिहा. मग जाहिरातीचं आपण आकडे समोर ठेवून बोलू.